तालमीचा तक्ता : हौशी नाटकाच्या नियोजनासाठी गूगल शीट्स

इंदूरमधील आमच्या हौशी नाट्यमंडळाने गेल्या भाद्रपदात एक दोन अंकी मराठी नाटक केले. नऊ कलाकार, पडद्यामागे सहा माणसे, आठ आठवड्यांच्या तालमी आणि एकच प्रयोग, एवढाच त्याचा पसारा होता. निर्मितीची व्यवस्था माझ्याकडे होती आणि त्या सर्व काळात वेळापत्रक, सामान आणि माणसे यांचा हिशेब मी गूगल शीट्समध्ये ठेवला. २००६ पासून मोफत उपलब्ध असलेल्या या प्रणालीचा सर्वसाधारण परिचय करून देण्याची आता गरज उरलेली नाही. मला तिची पारख एकाच कामापुरती करायची आहे : ज्यांना या कामाचा पैसा मिळत नाही अशा पंधरा माणसांच्या संध्याकाळी एकमेकींत कशा बसवायच्या.

यापूर्वी आमचे काम पुठ्ठाबांधणीच्या एका रजिस्टरवर आणि व्हॉट्सॲपच्या गटावर चालत असे. रजिस्टर एकाच माणसाच्या घरी राहते आणि गटावर आलेला "आज मला जमणार नाही" हा निरोप वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दहा मिनिटांत गाडला जातो, हे ज्यांनी कधी नाटक बसवले आहे त्यांना सांगायला नको. सभागृहाचे कुलूप उघडल्यावर कळायचे की ज्या प्रवेशासाठी सहा जण आले आहेत, त्यातला सातवा पीथमपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला आहे. मग थोडे वाचन करायचे, चहा प्यायचा आणि घरी जायचे.

सुरुवात मात्र आम्ही गूगल शीट्सने केली नव्हती. आधी महिनाभर चित्रपटनिर्मितीच्या नियोजनासाठी बनवलेले एक परदेशी सशुल्क ॲप वापरून पाहिले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण आमच्या तक्रारीतला निम्मा भाग आमच्याच चुकीच्या निवडीविषयी आहे. संहिता चढवली की प्रवेश आपोआप वेगळे होतील असे त्यात सांगितले होते, पण ती सोय इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवर अवलंबून होती. आमच्या संहितेतील कंसातले "जाते" हे त्याच्या लेखी कोणाचेही जाणे नव्हते. छापील प्रतीत जोडाक्षरे फुटत. शुल्क डॉलरमध्ये आणि दरमहा होते. मोफत मुदत संपल्यावर आम्हीच भरलेली माहिती आम्हाला केवळ पीडीएफच्या रूपात परत मिळाली. खरी अडचण मात्र याहून मूलभूत होती. ते ॲप प्रत्येक प्रवेशासाठी सर्वांत आधी चित्रीकरणाचे स्थळ विचारत असे, आणि आमचे नाटक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच दिवाणखान्यात घडते.

हा फरक जरा थांबून पाहण्याजोगा आहे. चित्रपटात कलाकार, यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ यांना घेऊन एका जागी पोहोचणे हेच मोठ्या खर्चाचे काम असते, म्हणून कथेचा क्रम मोडून एका जागेचे सर्व प्रवेश एकत्र उरकले जातात आणि त्यासाठीची साधनेही स्थळाभोवती रचलेली असतात. व्यावसायिक नाटकात मोल असते ते प्रयोगाच्या तारखेला. सानंद न्यासाच्या उपक्रमात मुंबई-पुण्याची नाटके इंदूरला येतात तेव्हा सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग होतात. नेपथ्याचा ट्रक आणि कलाकारांचा प्रवास एकदाच घडतो आणि तो खर्च सर्व प्रयोगांवर विभागला जातो. आमच्याकडे यांपैकी काहीच नाही. दिग्दर्शकापासून विंगेत उभे राहणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून येतो आणि टंचाई असते ती संध्याकाळी साडेसात ते दहा या अडीच तासांची. म्हणून हौशी मंडळाच्या वेळापत्रकाने "आज काय करायचे" याच्या आधी "आज कोण नाही" हे विचारले पाहिजे. गूगल शीट्सला नाटकाविषयी काहीही ठाऊक नसते, आणि नेमके त्यामुळेच हा प्रश्न पहिला ठेवण्याची मोकळीक तिने आम्हाला दिली.

आमच्या फाइलमध्ये तालमीच्या कामाची पाने तीन. पहिल्या पानावर प्रवेश आणि पात्रे आहेत. संहितेतली अंकांची विभागणी तालमीच्या नियोजनाला पुरत नाही, कारण पाऊण तासाच्या एका अंकात पात्रे सतत येत-जात राहतात. म्हणून कोणतेही पात्र आत आले किंवा बाहेर गेले की नवा तुकडा सुरू झाला असे मानून आम्ही दोन अंकांचे सतरा तुकडे पाडले. रंगभूमीच्या परिभाषेत अशा तुकड्याला फ्रेंच सीन म्हणतात. आडव्या ओळीत तुकडा, उभ्या स्तंभात पात्र, आणि पात्र रंगमंचावर असेल त्या खान्यात एकचा आकडा, इतकी साधी ही मांडणी आहे. ती करायला एक दुपार लागली आणि तेवढ्यातच दोन गोष्टी उघड झाल्या. आत्याबाईंची भूमिका करणाऱ्या काकू पहिल्या अंकात केवळ दोन तुकड्यांत आहेत, तरीही जुन्या पद्धतीने आम्ही त्यांना सुदामानगरहून रोज बोलावले असते. नोकराची भूमिका सर्वांना किरकोळ वाटत होती, पण ती सतरापैकी अकरा तुकड्यांत निघाली. ती ज्या महाविद्यालयीन मुलाला सहज म्हणून दिली होती, त्याला त्याच संध्याकाळी फोन करून परीक्षेच्या तारखा विचाराव्या लागल्या.

दुसरे पान उपलब्धतेचे. छप्पन्न संध्याकाळींच्या छप्पन्न ओळी आणि नऊ कलाकारांचे नऊ स्तंभ. प्रत्येकाने स्वतःच्या स्तंभात ज्या दिवशी येणे शक्य नाही तेथे फक्त "न" हे अक्षर लिहायचे. येणार असल्यास काहीच लिहायचे नाही, आणि न येण्याचे कारण तर मुळीच लिहायचे नाही. कारण न विचारण्याचा नियम मी भीत भीत केला होता, पण त्यामुळेच माणसे खरे लिहू लागली असे माझे मत आहे. कलाकारांना फाइल देण्यापूर्वी मी कालनिर्णय समोर ठेवून सणांचे दिवस आधीच रंगवून ठेवले. गणेशस्थापना, महालक्ष्म्यांचे तीन दिवस (या तीन दिवसांत आमच्या चारही स्त्री कलाकारांना तालमीचे नावही काढू द्यायचे नाही), आणि अनंत चतुर्दशीची रात्र, कारण त्या रात्री इंदूरमध्ये गिरण्यांच्या झाँक्या निघतात आणि मध्यवस्तीतून वाहन नेण्याचा विचारच करता येत नाही. फाल्गुनात नाटक बसवणाऱ्यांनी याच न्यायाने रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि बँकेतल्या कलाकारांचा मार्चअखेर धरावा.

तिसरे पान हेच या सगळ्याचे मर्म. त्यात उभे छप्पन्न दिवस आणि आडवे सतरा तुकडे, असे एकूण ९५२ खाने आहेत. प्रत्येक खान्यात एकच सूत्र आहे : त्या तुकड्यात ज्यांच्या नावापुढे एक आहे, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या दिवशी "न" लिहिला आहे ते मोजायचे. यासाठी समप्रॉडक्ट नावाचे, जोडीजोडीने गुणाकार करून त्यांची बेरीज देणारे फंक्शन वापरले. उत्तर शून्य आले तर खाना आपोआप हिरवा होतो, एक आले तर पिवळा आणि त्याहून अधिक आले तर तांबडा. सूत्र एकदा नीट लिहून उरलेल्या खान्यांत ओढून नेले की झाले. मी वाणिज्य शाखेची असूनही मला ते दोन रात्रींत जमले, त्यामुळे कोणालाही जमेल.

हा हिरवा-तांबडा पट समोर आला तेव्हा कळले की नऊच्या नऊ कलाकार एकत्र मिळतील अशा संध्याकाळी छप्पन्नांपैकी केवळ अकरा आहेत. रजिस्टरच्या काळात हा आकडा आम्हाला कधीच कळला नसता आणि आम्ही "सगळे आले की बसवू" असे म्हणत त्या अकरांची वाट पाहत बसलो असतो. परंतु त्याच पटावर हेही दिसत होते की किमान पाच तुकडे पूर्ण संख्येने करता येतील अशा संध्याकाळी त्रेचाळीस आहेत. बाराव्या तुकड्यात सात माणसे लागतात आणि त्याच्या स्तंभात फक्त चौदा खाने हिरवे होते, त्यामुळे सर्वांत आधी त्याच्या तालमी ठरवल्या. त्यानंतर त्याच्याहून थोडा सुटा असलेला तुकडा घेतला आणि दोन-दोन पात्रांचे संवाद उरल्यासुरल्या दिवसांत टाकले. फराळाचा डबा भरताना लाडू आधी ठेवतात आणि मधल्या फटींत शेव भरतात, तसाच हा प्रकार आहे. दिग्दर्शकांना कथेच्या क्रमाने बसवण्याची सवय असल्यामुळे पहिला आठवडा त्यांची कुरकुर चालली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. ज्या भांडणाने दुसरा अंक सुरू होतो त्याची तालीम त्या भांडणाचे कारण बसवण्याआधी करावी लागली, आणि नायिकेला दोन्ही वेळी राग निराळ्या पट्टीत सापडला. वेळापत्रकाचा तक्ता ही अडचण दाखवत नाही.

आता चुका. पहिली चूक तारखांची, आणि ती पूर्णतः आमची होती. फाइल ज्या भाच्याच्या खात्यातून उघडली त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी होती, आणि मी ते तपासले नाही. मी "५/८" अशा पद्धतीने पाच ऑगस्ट लिहीत गेले आणि प्रणालीने तो आठ मे धरला. ऑगस्टचे पहिले बारा दिवस असे वर्षभरात विखुरले गेले. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र, तेरावा महिनाच नसल्यामुळे, तारखा न राहता नुसती अक्षरे होऊन बसल्या. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती निवड) भारत असे केले की हा प्रश्न सुटतो, पण ते एकही तारीख भरण्याच्या आधी करावे. दुसरी चूक एका उत्साही सहकाऱ्याची. त्याने केवळ स्वतःचा स्तंभ निवडून तो क्रमाने लावला, त्यामुळे त्याच्या सर्व गैरहजेऱ्या एका टोकाला गोळा झाल्या आणि दिवसांशी त्यांचा संबंध तुटला. जुन्या आवृत्त्यांचा इतिहास उघडून आम्ही आदल्या रात्रीची स्थिती परत आणली, आणि माझ्या मते हौशी मंडळासाठी या प्रणालीची सर्वांत मोलाची सोय तीच आहे. त्यानंतर प्रत्येकाला फक्त त्याच्या स्तंभात लिहिण्याची परवानगी ठेवली आणि ज्यांना आपल्या सोयीने क्रम लावून पाहायचा असेल त्यांना फिल्टर व्ह्यू दाखवला. त्यात केलेली मांडणी इतरांच्या पडद्यावर उमटत नाही.

परवानगी देताना प्रत्येकाला त्याच्या ईमेलनेच जोडावे. लिंक असलेल्या कोणालाही लिहिता येईल असे ठेवले की वरच्या कोपऱ्यात अनामिक प्राण्यांची चित्रे दिसू लागतात, आणि शुक्रवारची तालीम कोणत्या प्राण्याने खोडली हे विचारायचे कोणाला? आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ कलाकार, वय त्र्याहत्तर, शेवटपर्यंत फाइलमध्ये शिरले नाहीत. दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करी. त्यांच्या घरच्या काकू भिंतीवरच्या कालनिर्णयातून तारखा वाचून दाखवत आणि मी त्यांच्या स्तंभात भरत असे. हा स्तंभ नऊ जणांतला सर्वांत अचूक ठरला.

प्रयोगाच्या दिवसासाठी निराळे पान केले होते. नाट्यगृह सकाळी आठला ताब्यात मिळणार होते (तारीख पितृपक्षातली असल्यामुळे नारळ फोडावा की नाही यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या, शेवटी फोडला). प्रत्येक कामाला किती मिनिटे लागतील ते लिहायचे आणि त्याची सुरुवात म्हणजे आधीच्या कामाचा शेवट, असे सूत्र ठेवले होते : सामान उतरवणे, फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी) उभे करणे, दिवे टांगणे, दिव्यांच्या दिशा ठरवणे, ध्वनिचाचणी, जेवण, तांत्रिक तालीम, रंगभूषा, तिसरी घंटा. टेम्पो पन्नास मिनिटे उशिरा आला तेव्हा एकच आकडा बदलताच तक्त्याने तिसरी घंटा सव्वाआठच्या पुढे ढकलून दाखवली, आणि सकाळी नऊ वाजताच आम्ही जेवणाचा वेळ निम्मा करून तांत्रिक तालीम केवळ प्रकाशबदलांपुरती ठेवण्याचा निर्णय घेऊ शकलो. पण एकाच वेळी चालणारी कामे या सरळ रांगेत बसत नाहीत. सुताराने लेव्हल (रंगमंचावरचा उंच चौथरा) दिल्याशिवाय रंगारी काम सुरू करू शकत नाही, आणि त्याच वेळी वेशभूषेचे काम मात्र कोणासाठीही अडून नाही, अशा गुंतागुंतीसाठी उद्योगांमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून क्रिटिकल पाथसारख्या पद्धती वापरल्या जातात. त्या गूगल शीट्समध्ये हाताने उभारता येतात, पण त्यासाठी लागणारा खटाटोप एका प्रयोगाच्या नाटकाला परवडणारा नाही. नेपथ्याचा उशीर आम्हाला तक्त्याने नव्हे, सुताराच्या दुकानात जाऊन आलेल्या मुलाने सांगितला.

नाटकानंतर मंडळातल्या तरुणांनी डिसेंबरात महेश्वरच्या घाटावर एका दिवसात एक लघुपट चित्रित केला, तेव्हा हीच फाइल निराळ्या रूपाने कामाला आली. चित्रपटाच्या नियोजनात प्रत्येक दृश्याची एक पट्टी करून त्या पट्ट्या चित्रीकरणाच्या क्रमाने लावण्याची जुनी पद्धत आहे. पूर्वी त्या पुठ्ठ्याच्या असत, आता मूव्ही मॅजिक शेड्यूलिंगसारख्या प्रणालींत त्या पडद्यावर असतात. प्रचलित संकेतानुसार दिवसाच्या अंतर्दृश्याची पट्टी पांढरी, दिवसाच्या बाह्यदृश्याची पिवळी, रात्रीच्या अंतर्दृश्याची निळी आणि रात्रीच्या बाह्यदृश्याची हिरवी असते, आणि दृश्याची लांबी पटकथेच्या पानाच्या आठव्या भागांत मोजतात. गूगल शीट्सच्या ओळी या पट्ट्यांसारख्या ओढून वर-खाली नेता येतात, त्यामुळे हे सोंग तिला चांगले वठते. इंदूरपासून महेश्वर नव्वदएक किलोमीटर आहे आणि त्या दिवसांत तेथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यामुळे पहाटेच्या दृश्यासाठी मंडळी साडेतीनला इंदूरच्या राजवाड्यापाशी जमली. येथे मात्र स्थळ हेच खरे एकक होते. मी नाकारलेल्या त्या सशुल्क ॲपची रचना अशा दिवसासाठी योग्य आहे हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, आणि पाच-सात स्थळे व पंधरा दिवसांचे चित्रीकरण असणाऱ्यांनी तयार प्रणालीचाच विचार करावा. बारा दृश्यांसाठी ती घेणे म्हणजे दोन माणसांच्या चहासाठी मंगल कार्यालयाचे पातेले चढवणे.

जमाखर्चाविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. बेरीज सगळीकडे सारखीच होते. छापील प्रतीविषयी एवढेच सांगते की दर सोमवारी आठवड्याचे पान मोठ्या कागदावर छापून तालमीच्या खोलीच्या दाराला लावावे. मोबाइलच्या पडद्यावर सतरा स्तंभ वाचणे हा डोळ्यांवरचा अन्याय आहे, आणि माणसे फोनपेक्षा दाराकडे अधिक वेळा पाहतात. मोफत खात्यातील १५ जीबी जागा ईमेल आणि छायाचित्रांतही वाटली जात असली, तरी तक्ते तिच्यातला नगण्य भाग घेतात.

सामानाच्या यादीचे पान मी शेवटी केले आणि आता ते आधी करावे असे वाटते. हौशी नाटकातले बहुतेक सामान विकतचे नसून मागून आणलेले असते. आमच्या दिवाणखान्यातले तांब्याचे घंगाळ एका आजीच्या माहेरचे, समई शेजारच्या देवघरातली, काळा चकतीचा फोन कोणाच्या तरी माळ्यावरचा आणि आरामखुर्ची लोकमान्यनगरातल्या एका निवृत्त शिक्षकांची होती. प्रत्येक वस्तूपुढे कोणाकडून, कोणी आणली, कोणत्या तुकड्यात लागते, प्रवेशापूर्वी कोणत्या विंगेत हवी, असे स्तंभ केले, खान्यातच वस्तूचे छायाचित्र घातले आणि शेवटी "परत दिली" या मथळ्याखाली खूण करण्याचा चौकोन ठेवला. प्रयोगानंतरच्या आठ दिवसांत एकेचाळीसपैकी चाळीस चौकोनांत खूण झाली. आरामखुर्ची अजून माझ्या घरी आहे. तिचा एक हात प्रयोगात निखळला, आणि तो बसवून देणारा सुतार पितृपक्ष संपल्यापासून दर शनिवारी येतो असे सांगतो आहे.